पबमेडपासून निशाणीपर्यंत: वैद्यकीय दाव्याचा मसुदा लिहिताना ऑनलाइन माहिती कशी वापरावी

डेपो-मेड्रॉल हे स्टिरॉइडचं इंजेक्शन स्नायूत दिलं की शरीरात सावकाश झिरपत राहतं. ते बनवलंच त्यासाठी आहे. म्हणून कंपनीच्या माहितीत मात्रा ४० ते १२० मिलिग्रॅम आणि दोन मात्रांमध्ये किमान एक ते दोन आठवड्यांचं अंतर सांगितलेलं. मे १९९८ मध्ये कोलकात्यात अनुराधा साहा यांच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा हेच इंजेक्शन ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं लिहून दिलं गेलं. त्यांना टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस (कातडी सुटत जाणारा जीवघेणा आजार) झालं, मुंबईला हलवावं लागलं आणि २८ मे रोजी त्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये निष्काळजीपणा झाल्याचं ठरवलं आणि २०१३ मध्ये भरपाई सुमारे ६ कोटी रुपयांपर्यंत नेली.

या खटल्यात पाठ्यपुस्तकं, शोधनिबंध, देशी-परदेशी तज्ज्ञांची मतं असा कागदांचा डोंगर होता. त्यातला हा एक मुद्दा मात्र कुणालाही कळतो, कारण तिथे चिठ्ठीतला आकडा आणि औषधाच्या माहितीतला आकडा शेजारी-शेजारी बसतात. वैद्यकीय दावा लिहिताना इंटरनेटचा खरा उपयोग एवढाच: केसपेपरमधली एक नेमकी नोंद आणि त्या काळी मान्य असलेला एक नेमका निकष समोरासमोर आणणं. बाकी सगळं वाचन स्वतःच्या समजुतीसाठी. ते भरपूर करावं, पण तक्रारीत ओतू नये.

खटला लढवणारे अनुराधा यांचे पती कुणाल साहा स्वतः डॉक्टर आणि संशोधक होते, त्यामुळे वैद्यकीय साहित्य कसं धुंडाळायचं हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे येणारा पक्षकार बहुधा मोबाइलवर सापडलेले चार लेख आणि नातेवाइकांनी पाठवलेले दोन व्हिडिओ घेऊन येतो. ते ऐकून घ्यावं, त्यातून त्याला नेमकं काय खुपतंय ते कळतं. त्यातली ओळ मात्र मसुद्यात जाऊ देऊ नये.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बाळ ३३ व्या आठवड्यात जन्मलं, वजन १६०० ग्रॅम. काही दिवस ऑक्सिजनवर होतं, मग घरी सोडलं. चार महिन्यांनी आईच्या लक्षात आलं की बाळ नजर देत नाही. निदान झालं रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटीचं, डॉक्टरांच्या भाषेत आरओपी: अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात आणि शेवटी पडदा सुटतो. आई-वडिलांना ग्राहक आयोगात जायचंय.

पहिली पायरी: आधी केसपेपर, मग गुगल

बरेचजण उलटं करतात. आजाराचं नाव कळलं की लगेच शोध सुरू, आणि दोन तासांत डोक्यात एक गोष्ट पक्की होते. मग केसपेपर त्या गोष्टीच्या चष्म्यातून वाचले जातात.

पूर्ण आयपीडी पेपर, म्हणजे दाखल असतानाचे सगळे कागद, आधी मागवा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात, आणि आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कागद मिळाले नाहीत तर तो अर्ज आणि ती पोच हाच पुढे तुमचा पुरावा.

मग एक तारखनिहाय तक्ता करा. तारीख, वेळ, नोंद, कुणी केली, कोणत्या पानावर. नर्सिंग नोट्स सोडू नका. डॉक्टरांच्या राउंडच्या नोंदी त्रोटक असतात. ऑक्सिजन किती लिटर, किती तास, सॅच्युरेशन किती, हे बहुतेक वेळा सिस्टरच्या अक्षरातच सापडतं. आपल्या उदाहरणात बघायच्या गोष्टी चार: जन्माचे आठवडे, वजन, ऑक्सिजनचे दिवस, आणि घरी सोडताना डोळे तपासून घ्या असं कुठे लिहिलंय का. चौथी गोष्ट शोधताना डिस्चार्ज कार्डाच्या मागची बाजूही बघा. छापील सूचनांच्या गर्दीत ती ओळ असू शकते, आणि ती सामनेवाल्यांच्या वकिलाआधी तुम्हाला सापडलेली बरी.

दुसरी पायरी: प्रश्न एका ओळीत मांडा

‘आरओपीमध्ये निष्काळजीपणा’ असा शोध घेतलात तर हाती कचरा येईल. प्रश्न असा लिहा: ३३ आठवड्यांच्या, १६०० ग्रॅमच्या बाळाची डोळ्याची तपासणी त्या वर्षी भारतात करायलाच हवी होती का, आणि किती दिवसांच्या आत? दुसरा प्रश्न स्वतंत्र: वेळेवर तपासणी झाली असती तर नजर वाचली असती का?

पहिला प्रश्न कर्तव्याचा, दुसरा कार्यकारणाचा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या प्रकारच्या कागदांत असतात. पहिल्याचं मार्गदर्शक सूचनांमध्ये, दुसऱ्याचं उपचाराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या शोधनिबंधांमध्ये. कर्तव्य चोख सिद्ध केलं आणि कार्यकारणाबद्दल एक ओळही नाही, म्हणून तक्रार पडली, असं वारंवार घडतं. डॉक्टरांच्या बाजूनं उभे असाल तर तुमचीही पहिली नजर त्या दुसऱ्या प्रश्नावरच जाईल.

तिसरी पायरी: कुठे शोधायचं

आजार समजून घेण्यासाठी मेडलाइनप्लस चांगलं, थोडं खोलात जायचं तर स्टॅटपर्ल्स. दोन्ही फुकट. तास-दीड तास वाचलं की डॉक्टरांशी बोलताना आपण भांबावत नाही. पण ही वाचनं यादीत जोडायची नाहीत. विकिपीडिया तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये ह्यूलेट पॅकार्डच्या सीमाशुल्क प्रकरणात सांगून ठेवलंय की कुणीही संपादित करू शकेल अशा स्रोतांवर न्यायनिर्णयासाठी विसंबणं धोक्याचं आहे, आणि वकिलांनी न्यायालयाला अधिक भरवशाचे स्रोत दाखवावेत.

दाखल करण्याजोगं साहित्य शोधायचं तर पबमेड. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही सूची, साडेतीन कोटींहून अधिक नोंदींची. पबमेड ही सूची आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. तिथे लेख सापडला म्हणजे तो चांगलाच असं काही नाही.

शोधताना आजाराचं नाव इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे शब्द तुटत नाहीत. त्याला ‘अँड’ लावून ‘स्क्रीनिंग’, पुन्हा ‘अँड’ लावून ‘इंडिया’. डावीकडच्या गाळण्यांत लेखाचा प्रकार निवडा: प्रॅक्टिस गाइडलाइन, मग सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. वर्षांची मर्यादा घाला. एक चांगला लेख सापडला की त्याच्याखालची ‘साइटेड बाय’ यादी उघडा. नंतरच्या लोकांनी त्याचं काय केलं ते तिथे दिसतं. माझ्या मते नवख्या वकिलासाठी पबमेडमधली सर्वांत उपयोगी खिडकी हीच.

भारतीय निकषांसाठी मात्र पबमेडवर थांबून चालत नाही. आयसीएमआरचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या कार्यक्रमांच्या पुस्तिका आणि त्या-त्या शाखेच्या संघटनांच्या सूचना (प्रसूतीसाठी फॉग्सी, नवजात बाळांसाठी नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम) त्यांच्या-त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. औषधाचा प्रश्न असेल तर भारतात त्या औषधासोबत मिळणारं पत्रकच मिळवा. डेलीमेड या अमेरिकी संकेतस्थळावरचं पत्रक तिथे मंजूर झालेलं असतं. तुलनेला ठीक, पण ‘आमच्याकडे मंजुरी वेगळी आहे’ एवढं म्हणून समोरचा ते बाजूला सारू शकतो.

चौथी पायरी: कोणत्या देशाचा निकष, कोणत्या वर्षीचा

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण बहुतेक मसुदे इथेच फसतात.

आपल्या बाळाचं उदाहरण अमेरिकेच्या सूचनांना लावून बघा. तिथे सरसकट तपासणी १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या, अथवा ३० आठवडे किंवा त्याहून आधी जन्मलेल्या बाळांची. त्याहून मोठ्या बाळांपैकी ज्यांची प्रकृती डळमळीत होती त्यांचीच, डॉक्टरांना वाटलं तर. म्हणजे ३३ आठवड्यांचं, १६०० ग्रॅमचं बाळ सरळ नियमात बसत नाही. गुगलवर पहिल्यांदा सापडणारी सूचना बहुधा हीच असते, आणि ती वाचून एखादा वकील ‘केसमध्ये दम नाही’ म्हणून पक्षकाराला परत पाठवेल.

भारतात चित्र वेगळं आहे. आपल्याकडे जास्त वजनाच्या, जास्त दिवस भरलेल्या बाळांनाही हा आजार होतो. ऑक्सिजन मोजूनमापून न दिला जाणं हे त्याचं एक ठळक कारण. म्हणून नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमच्या २०१० च्या सूचनांत मर्यादा १७५० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांपेक्षा कमी दिवस अशी ठेवली आणि पहिली तपासणी जन्मापासून महिन्याभरात सांगितली. फारच लहान बाळांची त्याहूनही लवकर. आपलं बाळ या नियमात दोन्ही बाजूंनी बसतं.

आता वर्षाकडे या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या २०१७ च्या सूचनांत वजनाची मर्यादा २००० ग्रॅमपर्यंत वर आली. समजा बाळ ३५ आठवड्यांचं आणि १९०० ग्रॅमचं होतं. २०१८ मध्ये जन्मलं असेल तर ते वजनावरच तपासणीच्या कक्षेत येतं. २०१६ मध्ये जन्मलं असेल तर जुन्या सूचनांनुसार त्याला इतर धोके होते का, हे दाखवावं लागेल. बाळ तेच, डॉक्टर तेच, आणि दोन वर्षांच्या फरकानं तक्रारीचा पायाच बदलतो. उपचारानंतर प्रसिद्ध झालेल्या सूचना डॉक्टरांच्या अंगावर टाकता येत नाहीत. मार्गदर्शिकेच्या मुखपृष्ठावरचं वर्ष वाचा आणि आतली ‘सुधारित आवृत्ती’ची ओळही वाचा, संकेतस्थळावर पुष्कळदा फक्त नवी आवृत्ती ठेवलेली असते. जुनी हवी असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशिनमध्ये ते पान कोणत्या तारखेला कसं होतं ते बघता येतं, किंवा सरळ संघटनेच्या कार्यालयाला पत्र लिहावं.

आरओपीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जरूर वाचावेत: व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तामिळनाडू राज्य (२०१५) आणि महाराजा अग्रसेन हॉस्पिटल विरुद्ध मास्टर ऋषभ शर्मा (२०१९). वैद्यकीय साहित्य न्यायालय कसं वाचतं आणि जन्माच्या काळातला निकष कसा पाहतं, हे त्यांतून शिकता येतं.

पाचवी पायरी: लेख पूर्ण वाचा

गोषवारा वाचून उद्धृत करणं म्हणजे निकालपत्राची हेडनोट वाचून युक्तिवाद करणं. पूर्ण लेख पबमेड सेंट्रलवर फुकट असेल तर उत्तम. नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय गाठा किंवा लेखकाला ईमेल करा. संशोधक उत्तरं देतात, आणि बहुधा आनंदानं.

वाचताना आधी बघा, अभ्यास कुणावर झाला. प्रौढांवरचा निष्कर्ष नवजात बाळाला लागत नाही. मग प्रकार बघा. एका रुग्णाची हकिकत सांगणारा केस रिपोर्ट ‘असं घडू शकतं’ एवढंच दाखवतो. ‘असं घडतंच’ किंवा ‘डॉक्टरला हे ठाऊक असायलाच हवं होतं’ हे त्यातून निघत नाही. पुष्कळ अभ्यास एकत्र तपासणारा कॉक्रेनसारखा आढावा असेल तर वजन वाढतं.

आकड्यांची एक गंमत दोन्ही बाजूंचे वकील करतात. धोका हजारात २ वरून हजारात ४ झाला तर ‘धोका दुप्पट झाला’ हे खरं, आणि ‘धोका फक्त ०.२ टक्क्यांनी वाढला’ हेही खरं. मसुद्यात मूळचे दोन्ही आकडे द्या. फक्त ‘दुप्पट’ लिहिलंत तर उलटतपासात तज्ज्ञ दुसरा आकडा सांगेल आणि तुमच्या बाकीच्या परिच्छेदांवरही शंकेची सावली पडेल.

लेख मागे घेतला गेलाय का, हेही तपासायचं. एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा लॅन्सेटमधला लेख फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला गेला. मधल्या बारा वर्षांत तो उद्धृत होत राहिला. उलट टोकाचं उदाहरण कोविडमधलं: हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लेख लॅन्सेटनं २२ मे २०२० रोजी छापला आणि ४ जूनला मागे घेतला. त्या पंधरवड्यात ज्यानं पीडीएफ उतरवून ठेवली, त्याच्या प्रतीवर काहीच खूण नाही. पबमेडच्या पानावर मात्र मोठ्या अक्षरांत सूचना असते. म्हणून फोल्डरमधल्या जुन्या पीडीएफवर भरवसा न ठेवता दाखल करण्याच्या दिवशी पबमेडचं पान पुन्हा उघडा.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकाही ढिगानं आहेत. पत्रिकेचं नाव भारदस्त आहे म्हणून भुलू नका. ती मेडलाइन या पबमेडमधल्या निवडक पत्रिकांच्या सूचीत आहे का, संपादक कोण, आणि लेख आल्यापासून छापेपर्यंत किती दिवस लागले ते बघा. चार दिवसांत स्वीकारलेला लेख मी तरी हाताळणार नाही.

सहावी पायरी: स्वतःविरुद्ध शोध घ्या

सामनेवाल्यांचे वकील झालात असं समजून तेवढाच वेळ शोध घ्या. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालानं बोलम कसोटी आपल्याकडे पक्की केली: व्यवसायात मान्य असलेल्या एका पद्धतीनं डॉक्टर वागला असेल, तर दुसरी पद्धत अधिक चांगली होती एवढ्यावरून तो निष्काळजी ठरत नाही. म्हणजे तुमच्या बाजूचे पाच लेख असले आणि विरुद्ध बाजूनं एक जबाबदार मार्गदर्शिका निघाली, तर तेवढी एक पुरेशी आहे. ती आधी तुम्हाला सापडायला हवी. सापडली तर तक्रार वेगळ्या मुद्द्यावर उभी करता येईल का ते बघा, संमतीचा मुद्दा घ्या किंवा नोंदी न ठेवण्याचा. काही वेळा पक्षकाराला स्पष्ट सांगावं लागतं की वाईट झालं, पण चूक झाली असं दिसत नाही. ते सांगणंही वकिलीच आहे.

सातवी पायरी: डॉक्टरला दाखवा, पण नीट दाखवा

ग्राहक आयोगात प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, हे व्ही. किशन राव (२०१०) निकालानं स्पष्ट केलं. फौजदारीकडे जायचं असेल तर जेकब मॅथ्यूनुसार दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं विश्वासार्ह मत हवंच. पण कायदा मागो न मागो, माझा आग्रह असा की मसुदा बाहेर जाण्याआधी त्या शाखेच्या डॉक्टरनं तो वाचलेला असावा. बालरोगतज्ज्ञाच्या चुकीबद्दल अस्थिरोगतज्ज्ञ मित्राला विचारू नका.

त्याच्याकडे जाताना तारखांचा तक्ता, संबंधित पानांच्या प्रती आणि दोन-तीन नेमके प्रश्न घेऊन जा. ‘यात निष्काळजीपणा आहे का?’ असं विचारलंत तर व्यवसायबंधूविरुद्ध बोलायला तो कचरेल. ‘अशा बाळाची पहिली तपासणी तुम्ही कितव्या दिवशी करता? का?’ असं विचारलंत तर अर्धा तास बोलेल. आरओपीच्या उदाहरणात कार्यकारणाचा धागा इथेच हाती लागतो: उपचारायोग्य टप्प्यावर आजार पकडला गेला तर लेसर ४८ ते ७२ तासांत करायचं असतं, आणि पडदा पूर्ण सुटल्यावर फारसं काही उरत नाही. आपल्या बाळाचा आजार कोणत्या आठवड्यात कोणत्या टप्प्यावर असण्याची शक्यता होती, हे फक्त नेत्रपटलतज्ज्ञच (डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर) सांगू शकेल. पबमेड सांगणार नाही.

आठवी पायरी: परिच्छेद लिहिणं

नेहमी दिसणारा परिच्छेद असा असतो:

“इंटरनेटवरील उपलब्ध वैद्यकीय माहितीनुसार कमी दिवसांच्या बाळांना अंधत्व येण्याचा मोठा धोका असतो, हे सर्वश्रुत असूनही सामनेवाले यांनी अत्यंत बेफिकिरीने व अक्षम्य हलगर्जीपणाने बाळाचे आयुष्य उद्ध्वस्त केले.”

यात एकही गोष्ट सिद्ध करता येत नाही, आणि ‘सर्वश्रुत’ म्हटल्यावर आई-वडिलांना का ठाऊक नव्हतं, असा प्रश्न आपणच ओढवून घेतो. हाच मजकूर असा लिहा:

“बाळाचा जन्म ३३ आठवड्यांना झाला व जन्मवजन १६०० ग्रॅम होते (यादी क्र. ३, डिस्चार्ज कार्ड). बाळास प्राणवायू दिल्याच्या नोंदी नर्सिंग चार्टमध्ये आहेत (यादी क्र. ५). जन्माच्या वेळी प्रचलित असलेल्या नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाची नेत्रपटल तपासणी एक महिन्याच्या आत होणे आवश्यक होते (यादी क्र. ८, खूण केलेला भाग). अशी तपासणी केल्याची अथवा तक्रारदारास तसा सल्ला दिल्याची कोणतीही नोंद सामनेवाले यांनी पुरविलेल्या कागदपत्रांत नाही.”

प्रत्येक वाक्य एका कागदावर जाऊन टेकतं. विशेषणं नाहीत. वैद्यकीय साहित्याला एकच वाक्य मिळालंय आणि तेवढं पुरतं. आजाराची सविस्तर माहिती, आकृत्या, आकडेवारी लेखी युक्तिवादासाठी राखून ठेवा. तक्रारीत दहा पानं इंग्रजी उतारे चिकटवलेले पाहिले की सदस्य पानं उलटायला लागतात.

लेखातलं वाक्य उद्धृत करत असाल तर आधीचं आणि नंतरचं वाक्यही वाचा. वैद्यकीय लेखांत ‘तथापि’नं सुरू होणारं पुढचं वाक्य पुष्कळदा आधीच्याची धार काढून घेतं, आणि समोरचे वकील नेमकं तेच वाचून दाखवतात.

नववी पायरी: दाखल कसं करायचं

ग्राहक आयोगात तक्रार शपथपत्र आणि कागदपत्रांवर चालते, पुरावा कायद्याची काटेकोर चौकट तिथे लागत नाही; साहा प्रकरणातल्या २००९ च्या निकालातही हे आलंय. म्हणून ढिलाई करू नका, अपिलात तेच कागद पुढे जातात. दिवाणी न्यायालयात तर प्रश्न थेट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तज्ज्ञाच्या मताचं कलम ३९. विक्रीस उपलब्ध असलेल्या ग्रंथातलं तज्ज्ञमत, लेखक हयात नसेल किंवा त्याला वाजवी खर्चात बोलावता येत नसेल तर, ग्रंथ हजर करून दाखवण्याची मुभा कलम ५५ देतं. शास्त्रीय बाबींत न्यायालयाला संदर्भग्रंथ पाहण्याची वाट कलम ५२ मध्ये.

संकेतस्थळावरून काढलेली प्रिंट हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख, त्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं. जुन्या कायद्यातल्या ६५-ब प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक याचिकेतून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात पक्की केली. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञानं भरायचा, आणि फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा संकेतांक) लिहायचं. म्हणून लेख उतरवतानाच पत्ता, तारीख, वेळ आणि पबमेड क्रमांक टिपून ठेवा. मूळ फाइलचं नाव बदलून चार ठिकाणी फिरवू नका. याहून सोपा मार्ग असा की मार्गदर्शिकेची किंवा पत्रिकेची छापील प्रत ग्रंथालयातून मिळवायची. छापील अंक हाती असेल तर हा सगळा व्याप टळतो.

दहावी पायरी: साहित्य साक्षीदारापुढे ठेवा

भगवान दास विरुद्ध राजस्थान राज्य (१९५७) या जुन्या निकालाचा धडा अजून ताजा आहे: डॉक्टरच्या साक्षीला पुस्तकातल्या मतानं छेद द्यायचा तर ते मत साक्ष चालू असताना त्याच्यापुढे ठेवायला हवं. युक्तिवादाच्या वेळी पुस्तक उघडून काही हाती लागत नाही.

क्रम असा ठेवा. आधी मार्गदर्शिकेचं नाव सांगून ती त्यांना परिचित आहे का, त्यांच्या विभागात पाळली जाते का, ते विचारा. होकार आला की मगच ओळ दाखवा, आणि त्यानंतर केसपेपरमधलं पान. आयोगात उलटतपास बहुधा लेखी प्रश्नावलीनं होतो, तिथे तर हा क्रम जास्तच जपावा लागतो, कारण डॉक्टरला उत्तर लिहायला निवांत वेळ असतो. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. ‘मार्गदर्शिका मान्य आहे का, आणि असल्यास तुम्ही ती का पाळली नाही’ असा जोडप्रश्न विचारलात तर उत्तरही तसंच गुळगुळीत येईल.

अपघाताच्या दाव्यात

मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे ऑनलाइन माहितीचा मोह वेगळ्या रूपात येतो: अपंगत्वाची टक्केवारी. अमुक फ्रॅक्चरला तमुक टक्के, असे तक्ते सहज सापडतात. राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) वाचल्यावर त्यांचा भाव उतरतो. एका पायाचं अपंगत्व ४५ टक्के म्हणजे सबंध शरीराचं ४५ टक्के नव्हे, आणि शरीराचं अपंगत्व म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे. न्यायालयाचंच उदाहरण आहे: डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते.

इथे वैद्यकीय साहित्य वापरायचं ते टक्का वाढवायला नाही, तर दुखापतीचा रोजच्या कामावर काय परिणाम होतो ते दाखवायला. गुडघा किती अंशांत वाकतो, उकिडवं बसायला किती वाकावा लागतो, शेतमजुराच्या कामात ते किती वेळा लागतं. प्रमाणपत्र कोणत्या वर्षीच्या मूल्यांकन सूचनांनुसार दिलंय तेही बघा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचना २०२४ मध्ये बदलल्या. आणि डॉक्टरला साक्षीला बोलवा. नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, हेही त्याच निकालात आहे.

एआयबद्दल

न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माटा विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल वकिलांनी दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. शोधनिबंधांच्या बाबतीतही ही यंत्रं तेच करतात: लेखक खरे, पत्रिका खरी, वर्षही शोभेसं, आणि असा लेख कधी छापलाच गेलेला नाही. उपाय साधा आहे. पबमेड क्रमांक किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून पान उघडत नसेल तर तो लेख नाही. लांबलचक लेखातला अवघड परिच्छेद समजून घ्यायला, शोधशब्द सुचवून घ्यायला ही साधनं उपयोगी पडतात. त्यांत रुग्णाचे केसपेपर मात्र जसेच्या तसे चढवू नका. पक्षकारानं सांगितलेलं गुपित राखण्याचं बंधन साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नं आपल्यावर आहे, आणि अपलोड केलेला कागद पुढे कुठे जातो हे आपल्या हातात राहत नाही. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, तारखा काढून टाका. त्याहून बरं, केसपेपर बाजूला ठेवून फक्त वैद्यकीय प्रश्न विचारा.

युक्तिवादाच्या आधी

तक्रार दाखल होऊन युक्तिवादाला येईपर्यंत वर्षं जातात. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात यादीतला प्रत्येक लेख पबमेडवर पुन्हा उघडा: मागे घेतलाय का, दुरुस्ती छापून आलीय का, ‘साइटेड बाय’मध्ये कुणी खोडून काढलाय का. मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती आली असेल तर ती आपल्या प्रकरणाला लागू का नाही, हे दोन ओळींत लिहून ठेवा. समोरून ती येणारच. एखादा लेख आता टिकत नसेल तर त्यावर विसंबत नसल्याची पुरसिस (लेखी निवेदन) स्वतःहून द्या, आणि उरलेल्या कागदांच्या पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावून तीन संच तयार ठेवा.